खोकं मारुईचं, माल भलताच! ३१,५५० रुपये गेले
संग्रहासाठी कुणाचं जुनं, वापरलेलं गॅस ब्लोबॅक पिस्तूल (गॅसच्या दाबावर प्लास्टिकचे छर्रे टाकणारी प्रतिकृती) घेणार असाल तर आधी हे वाचा. मी पैसे मोजले टोकियो मारुई या जपानी कंपनीच्या हाय-कापा ५.१ चे आणि पदरात पडली तिची नक्कल, तीही गळकी. पिस्तुलाचे २४,५००, दोन जादा मॅगझीनचे (छर्रे आणि गॅस भरायच्या पेट्यांचे) प्रत्येकी ३,२००, कुरियरचे ६५०. एकूण ३१,५५० रुपये. पैसे पोचल्यावर पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. विकणाऱ्याचा फोन बंद, मेसेज वाचून उत्तर नाही, मग ब्लॉक.

मी नवशिका नाही. मॅगझीनचे सील मी स्वतः बदलतो, छर्ऱ्याला उलटी फिरकी देणारं हॉप-अपचं रबरही. तरी या भामट्याने मला गंडवलं, कारण त्याला विषय येत होता. मॅगझीन रिकामीच पाठवतो म्हणाला, कुरियरवाले दाबाखालचा गॅस घेत नाहीत. खरं आहे. ठेवताना आत थोडा गॅस असू द्या, सील जागेवर बसून राहतात, म्हणाला. तेही खरं. असं बोलणाऱ्या माणसावर संशय कोण घेईल? फोटोसुद्धा अस्सल पिस्तुलाचेच होते, खोकं आणि जपानी माहितीपुस्तिकेसकट.

पण तो व्हिडिओ! तो आठवला की अजून डोकं फिरतं. चालवून दाखवा म्हटलं, तर त्याने लगेच पाठवला. पाच-सहा छर्रे सुटले, मॅगझीन संपलं, स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) मागे अडकली. त्याने अंगठ्याने खटका दाबून ती सोडली आणि आवाज आला ठण्ण! धातूवर धातू आपटल्याचा. मारुईची मूळ स्लाइड एबीएस प्लास्टिकची असते, कमी दाबाच्या १३४ए गॅसवर चालावी म्हणून हलकी. ती पुढे येते तेव्हा कोरडा, हलका खट्ट आवाज होतो. आणि हा तर सांगत होता, पिस्तुलाला कंपनीबाहेरचा एकही भाग लावलेला नाही. सगळं तिथेच उघडं पडलं होतं. मी विचारलंही. ‘दादा, खोली रिकामी आहे, मोबाइलमध्ये तसं घुमतं,’ म्हणाला. रिकाम्या खोलीत आवाज घुमतोच, म्हणून मला ते पटलं. तुम्ही पटवून घेऊ नका. आवाज बदलला म्हणजे भाग बदललाय किंवा पिस्तूलच बदललंय.

पार्सल उघडलं. खोकं खरं, पुस्तिका खरी. आतलं पिस्तूल मात्र हाताला थंडगार. स्लाइड उतरवली तर ती अडकवणाऱ्या खटक्याची, म्हणजे स्लाइड स्टॉपची, खाच झिजून गोल झालेली आणि नोझलला, म्हणजे गॅस पुढे सोडणाऱ्या तोटीला, केसासारखा तडा. मॅगझीनमध्ये गॅस भरून पाण्यात बुडवलं, तर तळपट्टी जिथे बसते त्या फटीतून बुडबुड्यांची माळ लागली. दुसऱ्याचा मागचा व्हॉल्व्ह गळत होता. तिसऱ्यात गॅस थांबतच नव्हता. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, कुरियरच्या पावतीवरचं वजनही त्यात दिसू द्या. माझ्याकडे व्हिडिओ आहे, पण तो बघायला कुणी तयार नाही.

बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, मग फसवणूक कशी? पैसे ज्या सेवेतून पाठवले तिचं म्हणणं, तुम्ही व्यवहार खरेदीचा न दाखवता ओळखीतल्या माणसाला पाठवल्याचा दाखवलात, त्याला संरक्षण नाही. तसं दाखवायला त्यानेच सांगितलं होतं, कमिशन वाचतं म्हणून. कुणी हा पर्याय सुचवला की व्यवहार तिथेच तोडा. ग्राहक तक्रारीची चौकशी केली, तर विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस आहे, म्हणून तिथेही हात वर.

आणि पोलीस! पिस्तूल शब्द ऐकल्याबरोबर मलाच उलटतपासणी. परवाना आहे का, कशाला हवं होतं, घरी आणखी किती आहेत? सहा मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे टाकणारी प्रतिकृती आहे हे समजावून सांगितलं, तर सूर बदलला. ‘खेळणंच ना? मग एवढे पैसे कशाला घालवलेत?’ अहो, मी पैसे कशावर खर्च करतो हा तुमचा प्रश्न आहे का? चोरी ती चोरीच! पुढे म्हणे पाठवणारा आमच्या हद्दीतला नाही. त्याच्या हद्दीतले म्हणतात, पैसे जिथून गेले तिथे तक्रार करा. माझ्याकडे त्याचा खाते क्रमांक आहे, फोन नंबर आहे, कुरियरची पावती आहे. आणखी काय हवं? त्याला हाताला धरून आणून बसवू का? आजवर माझा लेखी अर्जसुद्धा कुणी नीट वाचलेला नाही. पोच मागितली तर शिक्का मिळेना.

विकणाऱ्याकडून स्लाइड उतरवलेले फोटो घ्या. आतली नळी, हॉप-अपची चकती, हॅमर, सगळं दिसलं पाहिजे. तुम्ही सांगाल तो शब्द कागदावर लिहून पिस्तुलाशेजारी ठेवायला लावा. भरलेलं मॅगझीन पाण्यात बुडवून दाखवायला सांगा, प्रत्येक मॅगझीन वेगळं. जो कुरकुरेल त्याच्याकडून घेऊ नका, कितीही ज्ञानी असो.

तेच फोटो आता दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला लागले आहेत. काळी हाय-कापा, काडतूस बाहेर पडायच्या खिडकीखाली नखाएवढा आडवा ओरखडा. दिसली तर पैसे पाठवू नका. त्याच्याशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट मला द्या, पुढच्या अर्जाला जोडायचे आहेत.