हातातला पेंट स्प्रेअर, खान्देशच्या उन्हात: सात महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र साधंच आहे. मुठीत ६०० वॅटची मोटर, खाली ८०० मिलिची प्लास्टिकची टाकी, १ पासून २.५ मिमीपर्यंतचे चार नोझल आणि रंगाचा पातळपणा मोजायचा एक कप. फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात त्यातून लोखंडी गेट, कूलरच्या बॉड्या, धान्याच्या कोठ्या, सागवानी दारं आणि एका खोलीच्या भिंती रंगल्या. पत्रा आणि सपाट लाकूड यांवर ब्रशची रेघ न दिसणारं, कारखान्यातून आल्यासारखं काम निघतं. भिंतीसाठी मात्र घेऊ नका. टाकी बघता बघता रिकामी होते, इमल्शन पातळ करावं लागल्याने एक हात जास्त मारावा लागतो आणि फरशी-खिडक्या झाकण्यातच सकाळ जाते. भिंतीला रोलरच बरा.

सगळं गणित रंग पातळ करण्यावर आहे. ऑइलपेंट डब्यातून थेट ओतला तर एवढीशी मोटर तो फोडू शकत नाही, थेंब थेंब उडतो. एक लिटरला १०० मिलि टर्पेंटाइन घालून ढवळा, कप भरून धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजा. आमच्या कपाला ३० ते ४० सेकंद बरोबर बसले. प्रत्येक यंत्राच्या कपाचं भोक वेगळं असतं, म्हणून आकडा आपल्या पुस्तिकेतलाच धरा. जास्त वेळ लागला तर आणखी ५० मिलि घाला, पण एकदम ओतू नका. फार पातळ झाला की उभ्या पत्र्यावर ओघळ येतात. मग रंग जुन्या सुती साडीच्या फडक्यातून गाळा. साय आलेल्या डब्यातला एक कण नोझलमध्ये अडकला की सगळं काम थांबतं. ऑइलपेंटला १.५ किंवा १.८ चा नोझल, रेड ऑक्साइड प्रायमरला २ च्या वरचा. कूलरच्या टाकीला आतून लावायचा डांबरी काळा रंग यात घालूच नका, तो ब्रशनेच लावा. आणि कूलरचा पत्रा गॅल्वनाइज्ड असेल तर आधी जस्ताच्या पत्र्यासाठीचा, पत्र्याला किंचित खाऊन धरणारा एच (etch) प्रायमर हवा. त्यावर थेट ऑइलपेंट मारला तर एका उन्हाळ्यात पोपडे धरतो.

आता उन्हाबद्दल, कारण पुस्तिका लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं भुसावळ पाहिलेलं नसतं. मिनरल टर्पेंटाइन साधारण ३० ते ४० अंशांच्या दरम्यान पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतं. इथे पारा ४३-४४ ला जातो. म्हणजे थंड हवेच्या गावात ‘थिनरपेक्षा बरं’ म्हणून वापरलं जाणारं टर्पेंटाइन आपल्याकडे दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये थिनरइतकंच बेभरवशाचं होतं. त्यात या यंत्राच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात आणि ते ठिणग्या टाकतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर किंवा त्यातले रंग या यंत्रात कधीच नकोत. काम उघड्यावर करा. बिडी, चूल, गॅस, कूलरची चालू मोटर, काही जवळ नको. ज्या खोलीत कपाशी भाव वाढेपर्यंत साठवलेली आहे तिथे किंवा तिच्या शेजारीही नको: फवाऱ्याचे कण दूरवर जाऊन कापसाला डाग पाडतात, आगीचं तर विचारूच नका. ऑइलपेंट पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा, मगच फेका.

रंगाच्या दृष्टीनेही दुपार वाईटच. तापलेल्या हवेत थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतात आणि हात फिरवला की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. मोटरची हवा स्वतःही गरम असते, त्यामुळे त्रास दुप्पट. पत्र्यावर तळहात ठेवता येत नसेल तर रंग मारू नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते नऊ हीच वेळ, वारा सुटायच्या आत. हिवाळ्यात उलट: धुळ्याकडच्या गार सकाळी रंग घट्ट असतो, दहानंतर सुरू करा.

मास्कवर पैसे वाचवू नका. एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. कोळशाची, सेंद्रिय वाफेसाठीची काडतुसं असलेला अर्धा मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा. मास्कमधून वास यायला लागला की काडतूस संपलं. हार्डनर मिसळायचे टू-के गाडीरंग यातून मारू नका. त्यांच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला हा मास्क पुरेसा नाही. वाड्याच्या जुन्या दारांना कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनच आली. वॉटर पेपरने ओलं घासा, मुलांना लांब ठेवा.

हात मारताना नोझल २० ते २५ सेंमीवर, मनगट न वळवता सरळ. ट्रिगर दाराच्या कडेबाहेर दाबा आणि कडेबाहेरच सोडा. प्रत्येक पट्टा मागच्यावर निम्मा चढवा. आडवा हात चालवायचा तर नोझलपुढच्या हवेच्या टोपीची शिंगं (दोन उंचवटे) आडवी ठेवा, फवारा उभा पडतो. शिंगांवरून आठवलं, पोळ्याला बैलांची शिंगं याने रंगवायच्या फंदात पडू नका. आवाजानेच बैल उधळेल. जाळीदार ग्रिलमधून निम्मा रंग पलीकडे जातो. मागे जुनी साडी बांधा, नाहीतर ब्रश घ्या.

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते एका बारीक नळीने. मोटरची हवा या नळीतून टाकीत दाब देते आणि तिच्या टोकाला रबरी पडदा असतो. यंत्र तिरकं ठेवलं की रंग पडद्यावर चढतो, वाळतो आणि फवारा बंद पडतो. लोक नोझल साफ करत बसतात. आधी हा पडदा बघा, मग टाकीचं वायसर. फवारा थबकत येत असेल तर टाकीतला रंग संपत आलाय, टाकीतली रंग ओढणारी नळी सैल आहे किंवा नोझलच्या तोंडाशी रंग वाळलाय. खाली बघून मारताना रंग ओढणारी ही वाकडी नळी पुढे वळवा, छताकडे मारताना मागे. शेवटचा पाव कपही निघतो. व्होल्टेज पडलं तरी थेंब जाड होतात, तेव्हा दोष रंगाला देऊ नका. मोटरमागची फोम फिल्टरची जाळी दर दोन-तीन टाक्यांनंतर झटका.

काम संपलं की लगेच प्लग काढा, उरलेला रंग डब्यात परत ओता, टाकीत १५० मिलि टर्पेंटाइन घालून खळखळवा, मग प्लग लावून उघड्यावरच एका डब्यात थोडं फवारा. त्यानंतर पुन्हा प्लग काढून नोझल, सुई आणि टोपी सुटी करून मऊ ब्रशने घासा. हवेच्या भोकांत तार घालू नका, भोक वेडंवाकडं झालं की फवारा कायमचा एका बाजूला झुकतो. सुईला व्हॅसलिनचं बोट लावून ठेवा. हे सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे. घेताना दुकानदाराकडून रबरी पडदा आणि वायसर जादा मागून घ्या, नंतर तेवढ्यासाठी जळगावला चक्कर पडते.