दिल्ली की कोलकाता : मित्रांचे सल्ले गाळून घेतल्यावर

बरोबर आईवडील किंवा शाळकरी मुलं असतील, शहर पहिल्यांदाच बघायचं असेल आणि तिथे ओळखीचं कुणी नसेल, तर दिल्ली. पायी भटकायची आणि खायची हौस असेल आणि कोलकात्यात एक जरी मित्र राहत असेल, तर कोलकाता. घाईत असलेल्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

दिल्ली ओळखीशिवाय बघता येते. ठिकाणं मोठी आहेत, तिकिटं ऑनलाइन मिळतात, मेट्रो बहुतेक ठिकाणी जवळ नेऊन सोडते आणि काय बघितलं हे परत आल्यावर सांगताही येतं. कोलकात्याचं तसं नाही. व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम, हावडा पूल, दक्षिणेश्वर एवढं झालं की यादी संपते आणि माणूस घरी येऊन म्हणतो, 'ठीक आहे, काही खास नाही.' असं म्हणणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. त्यांतल्या कुणालाच तिथे कुणी हाताला धरून फिरवलं नव्हतं.

सल्ला कुणाचा घ्यायचा

दोन प्रकारचे मित्र सल्ला देतात : तिथे राहणारे आणि तिथे जाऊन आलेले. दोघांना एकच प्रश्न विचारून उपयोग नाही.

दिल्लीत राहणाऱ्याला 'काय बघू?' असं विचारलंत, तर तो लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट अशी शाळेच्या पुस्तकातली यादी म्हणून दाखवेल. स्वतः तो तिकडे शेवटचा कधी फिरकला हे त्यालाही आठवत नसतं. त्याला विचारायचं ते असं : 'पाहुणे आले की त्यांना कुठे स्वतः घेऊन जातोस आणि कुठे नुसतं पाठवून देतोस?' या एका प्रश्नावर यादी निम्मी होते. लोटस टेंपल, अक्षरधाम 'पाठवून देण्याच्या' यादीत गेले, हुमायूनची कबर आणि तिला लागून असलेली 'सुंदर नर्सरी' नावाची बाग 'घेऊन जाण्याच्या' यादीत आली, हा माझा अनुभव. अक्षरधामबद्दल एवढं सांगतो की मोबाइल, कॅमेरा बाहेर जमा करावा लागतो आणि अर्धा दिवस सहज जातो. आवडतं त्यांना खूप आवडतं.

जाऊन आलेल्याला मात्र वेग विचारावा. एका दिवसात किती ठिकाणं झाली, सासूबाईंचे गुडघे कुठे बोलू लागले, मुलं कुठे कंटाळली. आणि आधी विचारा, 'कधी गेला होतात?' कारण सल्ल्याला मुदत असते. कोलकात्याच्या बाबतीत तर फारच. हुगळीच्या पात्राखालून जाणारी मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून हावडा, एस्प्लनेड, सियालदा, सॉल्ट लेक एका मार्गावर आले. विमानतळही त्याच महिन्यात मेट्रोला जोडला गेला. त्याआधी गेलेला मित्र हावड्याला उतरल्यावर टॅक्सीवाल्यांशी कसं भांडायचं हे रंगवून सांगेल. गोष्ट म्हणून ऐका.

कधी जाणार, त्यावर बरंच ठरतं

दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर दिल्ली नको. त्या दिवसांत तिथली हवा इतकी वाईट असते की दम्याचा त्रास असलेल्या माणसाला तिकडे नेणं हा शहाणपणा नाही. त्याच वेळी कोलकात्यात कालीपूजा असते, मंडप, रोषणाई, रात्री उशिरापर्यंत जाग. दुर्गापूजेत जायचं तर वेगळीच तयारी हवी. २०२१ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आणि गर्दी आधीही काही कमी नव्हती. तेव्हा शहर बघायला जाऊ नये, फक्त पूजा बघायला जावं.

नाताळच्या सुट्टीत दोन्ही चालतात, पण दिल्लीत धुकं असतं. डिसेंबरअखेर ते जानेवारी उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, विमानंही खोळंबतात, म्हणून परतीच्या दिवशी लगेच कामावर हजर व्हायचं ठरवू नका. २६ जानेवारीच्या आसपास कर्तव्यपथाच्या भागात बंदोबस्तामुळे फिरणं अवघड होतं. दिल्लीला सगळ्यात छान फेब्रुवारीचा उत्तरार्ध. राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान याच सुमारास लोकांसाठी उघडतं आणि स्वेटर दुपारी काढून हातात घेता येतो.

कोलकात्याची एक गोष्ट मित्र सांगत नाहीत, कारण त्यांना ती सवयीची झालेली असते. डिसेंबरात तिथे पाचच्या आत सूर्य मावळतो. मुंबईत तेव्हा सहा वाजून जातात. 'चारला निघू, मग बघू' हा आपला हिशेब तिथे चालत नाही. दिवस सकाळी सहाला सुरू करायचा. ज्यांना सुट्टीत नऊच्या आत उठायचं नसतं, त्यांनी दिल्लीच धरावी. तिथे थंडीत सकाळी आठच्या आत बाहेर पडण्यात तसाही अर्थ नसतो.

गाडी

मुंबईहून दिल्ली रेल्वेने १,४०० किलोमीटरच्या आत आहे. राजधानीत संध्याकाळी बसलं की सकाळी दिल्ली. हावडा नागपूरमार्गे सुमारे २,००० किलोमीटर, आणि गीतांजलीने सकाळी निघालात तर दुसऱ्या दिवशी दुपार होते. पुण्याहून आझाद हिंदने दोन रात्री. गोव्याहून निजामुद्दीनला थेट गोवा एक्सप्रेस आहे. थोडक्यात, पश्चिम महाराष्ट्रातून कोलकात्याला जायचं तर विमानाचा विचार आधी करावा. नागपूरकरांची मात्र चैन आहे : दोन्ही शहरं साधारण ११०० किलोमीटरवर. विदर्भातल्या मित्राचा सल्ला पुण्यात बसून ऐकताना हे ध्यानात ठेवावं. 'कोलकाता काय, एका रात्रीत पोचतो', असं तो अगदी प्रामाणिकपणे सांगत असतो.

शहरात फिरताना

सोमवार दोन्हीकडे वाईट. दिल्लीत लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय, अक्षरधाम सगळं बंद. कोलकात्यात व्हिक्टोरियाची दालनं, इंडियन म्युझियम, जोडासांको इथलं टागोरांचं घर, नेताजी भवन बंद. दिल्लीत सोमवार कुतुबमिनार आणि हुमायूनच्या कबरीला द्या. कुतुबमिनार स्टेशनपासून मिनार दीडेक किलोमीटरवर आहे, वडीलधारी असतील तर रिक्षा करा. मिनार बघून झाला की बहुतेक जण परत फिरतात. शेजारच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात तिकीट नाही, गर्दी नाही आणि जमाली-कमालीसारखी सुंदर कबर आहे. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे मुलं असलेल्या कुटुंबाला दिल्ली फिरायला स्वस्तच पडते.

मराठी माणसाने लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये जरा थांबावं आणि वर बघावं. इथलं चांदीचं छत पानिपताच्या आधी, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी उतरवलं. आज दिसतं ते नंतर केलेलं. पुढे महादजी शिंद्यांच्या काळापासून १८०३ पर्यंत या किल्ल्यातल्या बादशहावर मराठ्यांचंच छत्र होतं. आजूबाजूला गाइड मयूरासनाच्या गोष्टी सांगत असतात, ही गोष्ट आपल्याला आपल्यालाच सांगावी लागते.

कोलकात्यातही मराठ्यांची खूण आहे, पण ती रस्त्याखाली गाडली गेली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा, १७४२ मध्ये, कोलकातेकरांनी भीतीपोटी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्याच्या बाजूने सर्क्युलर रोड झाला, म्हणजे आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाचे रस्ते. बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली अजून आहे. बंगाली बाळांना झोपवताना 'बर्गी' येतील अशी भीती घालतात ते हेच आपले बारगीर. हे तिथल्या मित्राने हसत हसत सांगितलं तर कळतं, एरवी आपण त्याच रस्त्याने टॅक्सीतून निघून जातो.

म्हणून म्हणतो, कोलकात्याला माणूस लागतो. हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटाच्या फुलबाजारात एकटं जाता येतं, पण उभं कुठे राहायचं हे माहीत असावं लागतं. खाली चिखल आणि चुरगळलेली पानं. समोरून खांद्यावर झेंडूच्या माळांचे केशरी वेटोळे घेतलेला हमाल येतो, तो थांबत नाही, बाजूला आपणच व्हायचं. तिथून मूर्तिकारांच्या कुमारटुलीत जावं, अरुंद गल्लीत गवताच्या सांगाड्यांवर मातीचा पहिला हात चढलेला दिसतो, डोळे-नाक नसलेल्या देवी ओळीने उभ्या. आपल्या पेणच्या कारखान्यांची आठवण येईलच. कॉलेज स्ट्रीटला रविवारी जाऊ नका, पुस्तकांची दुकानं बहुतेक बंद असतात. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ, दोन्हीकडे मंदिर दुपारी बंद असतं, हे न विचारता गेलेले लोक घाटावर ऊन खात बसलेले दिसतात. सकाळीच दक्षिणेश्वर करून होडीने बेलूर गाठावं.

मेट्रोचं किमान भाडं दिल्लीत ११ रुपये, कोलकात्यात ५. कोलकात्याची मेट्रो १९८४ पासूनची, देशातली पहिली, पण पसारा दिल्लीचा कितीतरी मोठा. ट्राम उरलीसुरली आहे, एक फेरी मारून घ्यावी.

खाणं

मांसाहारी माणसाला कोलकाता, यात मला शंका नाही. कॉलेज स्ट्रीटजवळ भवानी दत्त लेनमध्ये स्वाधीन भारत हिंदू हॉटेल आहे. जुन्या 'पाइस हॉटेलां'पैकी, म्हणजे स्वस्त खानावळींपैकी, एक. केळीचं पान मांडतात आणि प्रत्येक गोष्टीचा हिशेब वेगळा, भात वेगळा, डाळ वेगळी, मासा वेगळा, पानाचेही पैसे वेगळे. हिवाळ्यात गेलात तर नोलेन गुळाचा संदेश कुठल्याही साध्या दुकानात घ्या. खजुरीचा हा गूळ थंडीचे दोन-तीन महिनेच मिळतो, बाकी वर्षभर संदेश नुसता गोड.

शाकाहारी असाल तर दिल्ली सोपी. पहाडगंजचे छोले भटुरे, चांदनी चौकातली जिलबी, दहीभल्ले, थंडीत किनारी बाजारात दुधाच्या फेसाची 'दौलत की चाट'. २०२१ पासून चांदनी चौकात दिवसा मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे निदान पायाखाली बघत चालता येतं. कोलकात्यात शाकाहारी उपाशी राहत नाही, बडाबाजार मारवाड्यांचाच आहे. पण बंगाली हॉटेलात नुसतं 'भाजी द्या' म्हणू नका. दुधीत कोळंबी असू शकते, डाळीत माशाचं डोकं. 'निरामिष' हा शब्द वापरा आणि परत एकदा विचारून घ्या.

मुक्काम आणि जोडून एक दिवस

इथे मित्रांचा सल्ला प्रेमापोटी चुकतो. दिल्लीतला मराठी मित्र बहुधा गुरुग्राम किंवा नोएडात राहतो आणि 'हॉटेल कशाला, घरी ये' म्हणतो. रोज येऊन-जाऊन तीन तास जातील. कोलकात्यातला न्यू टाउनमध्ये राहतो, तिथलीही तीच गत. त्याच्याकडे एक संध्याकाळ जेवायला जा, मुक्काम शहरातच करा. दिल्लीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, कोलकात्यात हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास. दोन्हीकडे जागा आहे का हे गाडीचं आरक्षण करण्याआधी विचारावं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तोवर मुक्कामाचं ठरलेलं असलं की बरं.

दिल्लीला जोडून सगळे आग्रा करतात, करावंच. निजामुद्दीनहून गतिमान एक्सप्रेस पावणेदोन तासांत पोचवते, फक्त शुक्रवारी ताजमहाल बंद असतो आणि त्या दिवशी ती गाडीही धावत नाही. कोलकात्याला जोडून शांतिनिकेतन, हावड्याहून बोलपूरपर्यंत अडीच-तीन तास. २०२३ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या विश्वभारती विद्यापीठाची सुट्टी बुधवारी असते, शनिवारी गेलात तर सोनाझुरीचा हाटही मिळतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पौष मेळा असतो, तेव्हा बोलपुरात खोली मिळणं कठीण, त्या दिवसांत सकाळी जाऊन रात्री परत या.