पोर्शे केमन जीटी४: घेतली, पाच हंगाम चालवली, विकली

श्टुटगार्टच्या परिसरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दर वर्षी कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारते: ट्रॅकवर चालवण्याजोगी गाडी सेकंडहँड घ्यावी का, आणि घेतलीच तर पुढे विकताना हात पोळतात का? पोर्शेची ९८१ पिढीतील केमन जीटी४ मी २०१९च्या वसंतात वापरलेली घेतली, पाच हंगाम चालवली आणि २०२४ मध्ये विकली. त्या अनुभवाच्या आधारे येथे सविस्तर उत्तर देत आहे. माझे मत आरंभीच सांगतो. अशी गाडी ट्रॅकवर गेली होती एवढ्यावरून तिला नावे ठेवू नयेत. ती किती वेळा गेली, कशी चालवली गेली आणि त्याची नोंद कोणी ठेवली का, यावर तिचे मोल ठरते.

ही गाडी मार्च २०१५ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली आणि जर्मनीत तिची मूळ किंमत करासह ८५,७७९ युरो होती. तोवर केमन म्हणजे पोर्शेच्या प्रसिद्ध ९११ या स्पोर्ट्स गाडीचे धाकटे भावंड, आणि थोरल्याच्या पुढे जाऊ नये इतपतच ताकद तिच्या वाट्याला येत असे. जीटी४ मध्ये मात्र ९११ करेरा एसचे ३.८ लिटरचे, टर्बो नसलेले, सहा सिलिंडरचे इंजिन आसनांच्या मागे बसवले गेले, पुढचे सस्पेन्शन आणि ब्रेक बव्हंशी ट्रॅकसाठी घडवलेल्या ९११ जीटी३ वरून घेतले गेले, गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली गेली आणि मागे न हलणारा पंख आला. ताकद ३८५ अश्वशक्ती, टॉर्क ४२० न्यूटन-मीटर, वजन १,३४० किलो, गिअरबॉक्स सहा गिअरचा आणि फक्त हाताने बदलण्याचा. शून्यापासून शंभराचा वेग ४.४ सेकंदांत गाठता येतो. आज विजेवर चालणाऱ्या घरगुती गाड्याही हे सहज करतात. परंतु ट्रॅकवर वीस मिनिटे सलग, दर वळणाला तितक्याच जोराने ब्रेक दाबत चालवायचे म्हटले की दोन टनांची गाडी लवकर दमते, आणि तेथे या गाडीचे कमी वजन उपयोगी पडते.

खरेदीत मी चार महिने घालवले. पहिली गाडी एका व्यापाऱ्याकडे पाहिली. चौदा हजार किलोमीटर चाललेली, रंग आरशासारखा, आणि जाहिरातीत ठळकपणे लिहिलेले की गाडीने ट्रॅक कधी पाहिलेलाच नाही. मी रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र सोबत नेले होते. केमनचे दरवाजे आणि पुढचे-मागचे झाकण ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे फक्त पोलादावर चालणारे स्वस्त यंत्र नेले तर नेमके महत्त्वाचे भाग मोजायचे राहून जातात. उरलेल्या गाडीवर आकडे ११० ते १३० मायक्रॉनच्या दरम्यान येत होते. उजव्या दरवाजावर २९० आला. विचारले तर उत्तर मिळाले की पार्किंगमध्ये ओरखडा उठला होता, म्हणून रंग दिला. तेही एक वेळ मान्य केले असते, कारण दुरुस्ती हा काही गुन्हा नव्हे. परंतु इंजिनाच्या संगणकातील अतिफेऱ्यांचा अहवाल मागितल्यावर ‘तो वाचण्याची सोय आमच्याकडे नाही’ असे सांगून विषय बदलला गेला, तेव्हा मी आभार मानून निघालो. अधिकृत वर्कशॉपमध्ये हे काम काही मिनिटांचे असते.

हा अहवाल म्हणजे काय, हे प्रत्येक खरेदीदाराने नीट समजून घ्यायला हवे. गाडी वेग घेत असताना इंजिनाच्या फेऱ्या ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागल्या की इंधन तोडले जाते आणि इंजिन आपोआप वाचते. जीटी४ मध्ये ही मर्यादा मिनिटाला ७,८०० फेऱ्यांच्या आसपास आहे. वेग कमी करताना मात्र चालकाने पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर टाकला, तर चाकेच इंजिनाला ओढून फिरवतात आणि कोणताही संगणक ते थांबवू शकत नाही. संगणक अशा प्रसंगांची नोंद सहा श्रेणींत ठेवतो: त्या श्रेणीत किती वेळा ठिणगी पडली आणि शेवटचा प्रसंग इंजिनाच्या कितव्या तासाला घडला. पहिल्या दोन श्रेणींतील आकडे हजारांत असले तरी घाबरण्याचे कारण नाही, ते उत्साहाने चालवल्याचे लक्षण आहे. चौथी, पाचवी आणि सहावी श्रेणी रिकामी असावी. रिकामी नसेल तर तो प्रसंग किती तासांपूर्वीचा आहे ते पाहावे, कारण त्यानंतर शेकडो तास इंजिन विनातक्रार चालले असेल तर धोका बराच ओसरलेला असतो.

मी अखेर घेतलेली गाडी कार्ल्सरूहजवळच्या एका खासगी मालकाकडे होती. पहिली नोंदणी २०१६ची, चाल २१,४०० किलोमीटर. मागच्या चाकांच्या पुढे, पत्र्याच्या कडेला, बारीक खड्यांनी रंगाचे टवके उडवलेले होते; चिकट रबराचे टायर तापले की खडी उचलून तेथेच फेकतात. मालकाने मी विचारण्याआधीच सांगितले की गाडी नऊ वेळा ट्रॅकवर गेली आहे, आणि टेबलावर दोन फायली ठेवल्या. एका फायलीत सर्व्हिसची आणि सामानाची प्रत्येक पावती तारखेनुसार लावलेली, दुसरीत ट्रॅकचा प्रत्येक दिवस, त्या दिवशीचे हवामान आणि परत आल्यावर ब्रेकच्या पॅडची मोजलेली जाडी. अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासणी करून घेतली तेव्हा इंजिनाचे तास ४१२ निघाले. म्हणजे सरासरी वेग ताशी ५२ किलोमीटरच्या आसपास. शहर, महामार्ग आणि अधूनमधून ट्रॅक असा वापर सांगणाऱ्या माणसाच्या शब्दाशी हा आकडा जुळत होता. वरच्या तिन्ही श्रेणी कोऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी व्यवहार ठरला, आणि मी घासाघीस केली नाही.

पर्यायी सामानाबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे. सिरॅमिक ब्रेक, म्हणजे पिवळ्या कॅलिपरवाले (कॅलिपर म्हणजे पॅड तबकडीवर दाबणारा भाग), वजनाला हलके आणि रस्त्यावर उत्तम असतात. पण ट्रॅकवर नियमित जायचे असेल तर त्यांच्या तबकड्या बदलण्याचा खर्च छातीत धडकी भरवणारा आहे. लाल कॅलिपरचे पोलादी ब्रेक घ्यावेत. कार्बनच्या कवचाची आसने उंच किंवा आडव्या बांध्याच्या माणसाने आधी अर्धा तास बसून पाहावीत. क्लबस्पोर्ट पॅकेजमध्ये मागे लोखंडी पिंजरा, सहा टोकांचा पट्टा आणि अग्निशामक मिळतो. हे पॅकेज असलेली गाडी विकताना गिऱ्हाईक लवकर मिळते.

आता चालवण्याविषयी. होकेनहाइमचा ट्रॅक ४.५७४ किलोमीटरचा. तेथे पाराबोलिका या लांबलचक डाव्या वाकणाच्या शेवटी, पूर्ण वेगात असताना, जोरात ब्रेक दाबून श्पिट्सकेअर या अगदी आखूड उजव्या वळणात शिरावे लागते. पहिल्या दिवशी प्रशिक्षक शेजारी बसले होते आणि ते फक्त एवढेच म्हणत होते की ब्रेक एकदा पूर्ण दाबा आणि मग पाय हळूहळू उचला, धक्का देऊ नका. तिसऱ्या फेरीत ते जमले. पुढच्या चाकांवर भार आला, स्टिअरिंग हातात जड झाले आणि गाडीचे नाक मी पाहत होतो त्याच ठिकाणी गेले. पायाला पेडलखाली किती पकड शिल्लक आहे हे इतके स्वच्छ कळणारी दुसरी गाडी मी चालवलेली नाही.

याच वळणावर गाडीची मोठी उणीवही ध्यानात येते. गिअरची गुणोत्तरे फार लांब आहेत. दुसरा गिअरच ताशी १३० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो, त्यामुळे आखूड वळणातून तिसऱ्यात बाहेर पडावे तर इंजिन सुस्तावते आणि दुसरा टाकावा तर ब्रेक दाबत असताना एक जास्तीचा बदल करावा लागतो. महामार्ग सोडले तर रस्त्यावर कायद्याच्या चौकटीत राहून दुसरा गिअरही शेवटपर्यंत ताणता येत नाही, आणि इतक्या सुंदर आवाजाच्या इंजिनाच्या बाबतीत ही खंत मला अखेरपर्यंत राहिली. २०१९ मध्ये आलेल्या ७१८ पिढीच्या जीटी४ मध्ये इंजिन ४ लिटरचे आणि ताकद ४२० अश्वशक्ती झाली, पण गिअरची लांबी तशीच राहिली. शिवाय तिच्या धुरांड्यात आलेल्या कणगाळणीमुळे आवाज दबला. दोन्ही चालवून पाहिल्यावर मी जुनीच पसंत करीन.

न्यूर्बुर्गरिंगचा जुना, १९२७ साली खुला झालेला नॉर्डश्लाइफ हा २०.८३२ किलोमीटरचा वळसा वेगळ्याच प्रकृतीचा आहे. सार्वजनिक फेऱ्यांच्या दिवशी तो पैसे भरून जायचा एकेरी रस्ता असतो, वाहतुकीचे नियम लागू असतात, डावीकडूनच पुढे जायचे असते आणि वेळ मोजायला बंदी असते. कंपनीने या गाडीची येथील वेळ ७ मिनिटे ४० सेकंद जाहीर केली होती. तो आकडा सामान्य चालकाने डोक्यातून काढून टाकावा. फुक्सरोअरच्या उतारावर गाडी तळाशी दबते आणि लगेच चढावर हलकी होते, त्या क्षणी स्टिअरिंग सरळ नसेल तर काय होईल याची कल्पना करवत नाही. पहिल्या वर्षी मी तेथे फक्त सहा फेऱ्या मारल्या. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो: जर्मनीतील साध्या वाहन विम्याच्या अटींत ट्रॅकवरील वापर बहुधा वगळलेला असतो. अपघात झाल्यास मोडलेल्या लोखंडी कठड्याचे बिलही चालकाच्याच नावे येते. घर गहाण पडण्याची वेळ येऊ नये म्हणून मी दर खेपेला त्या दिवसापुरता वेगळा विमा उतरवत असे.

देखभालीत तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळते, मग पेडल जमिनीला टेकते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तेल बदलणे मी कधीही टाळले नाही. दुसरे, चाकांचा कोन, म्हणजे ती वरच्या बाजूने आत किती झुकलेली आहेत ते. कारखान्यातून आलेल्या मापावर ट्रॅकला गेल्यास पुढच्या टायरची बाहेरची कड आधी संपते, आणि मधले रबर शाबूत असूनही टायर टाकून द्यावा लागतो. पुढच्या चाकांचा कोन पातळ चकत्या घालून वाढवला, तेव्हा झीज सारखी झाली. तिसरे, हवा. टायर तापले की दाब सुमारे अर्धा बार वाढतो, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांनंतर थांबून तो उतरवावा लागतो आणि घरी निघण्याआधी पुन्हा भरावा लागतो. मूळचे मिशेलिन कप २ टायर कोरड्या, उबदार रस्त्यावर अप्रतिम आहेत. ऑक्टोबरच्या पावसात त्यांच्यावर बसून महामार्गाला लागू नये. माझ्या गाडीची नंबरपाटी हंगामी, म्हणजे फक्त एप्रिल ते ऑक्टोबर या काळात रस्त्यावर चालणारी होती, म्हणून हिवाळ्याचा प्रश्न आला नाही.

रोजच्या वापराला गाडी पुरेशी सोयीची आहे. पुढे-मागे सामानाला जागा आहे, पुढचा ओठ तेवढा उतारांवर सांभाळावा लागतो.

विकायची वेळ आली ती दुसऱ्या अपत्यामुळे. तेव्हा चाल ३८,६०० किलोमीटर झाली होती आणि ट्रॅकचे एकूण दिवस एकतीस. आधी एका विक्रेत्याला दाखवली. त्याने एकतीस हा आकडा ऐकताच अपेक्षेपेक्षा बारा हजार युरो कमी सांगितले, आणि वर असेही सुचवले की ती दुसरी फाइल काढून टाकली तर त्याला विकणे सोपे जाईल. ज्या फायलीमुळे मी ही गाडी विश्वासाने घेतली होती, तीच लपवून पुढच्याच्या गळ्यात मारण्याची ही सूचना मला अतिशय खटकली. मी जाहिरात स्वतः लिहिली. पहिल्याच ओळीत एकतीस दिवस, त्याखाली अतिफेऱ्यांच्या अहवालाचे छायाचित्र, टवक्यांची जवळून काढलेली छायाचित्रे आणि पॅडची शिल्लक जाडी. पहिल्या आठवड्यात फोन जेमतेम तीन आले.

त्यांतला एक तरुण यंत्रकार वडिलांसह शनिवारी आला. त्याने पंखाकडे किंवा आसनांकडे पाहिलेही नाही. गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा दिवा घेऊन खालच्या प्रत्येक सांध्यापाशी थांबला, मग दोन तास फायली वाचत बसला आणि २०२१ मधल्या एका पावतीवर बोट ठेवून म्हणाला, येथे मागच्या तबकड्या बदलल्या, मग पुढच्या का नाही? मी त्याला त्या दिवशीची मोजलेली जाडी दाखवली. एडीएसी या जर्मन वाहनचालक संघटनेच्या छापील करारावर सह्या झाल्या. ज्ञात दोषांच्या रकान्यात मी टवके आणि रिमवरची एक खरवड लिहून दिली. मी दिलेल्या रकमेपेक्षा त्याने चार हजार युरो कमी दिले. पाच वर्षांचा खरा खर्च टायर, ब्रेक आणि ट्रॅकच्या शुल्कात झाला, गाडीच्या किमतीत नव्हे.

तीन आठवड्यांनी त्याचा संदेश आला की तो दुसऱ्या दिवशी होकेनहाइमला निघाला आहे आणि चाकांचे बोल्ट किती टॉर्कने आवळायचे ते त्याला खात्रीने हवे आहे. मी कळवले: १६० न्यूटन-मीटर, चाके थंड असताना, आणि दुसऱ्या फाइलच्या आतल्या मुखपृष्ठावर ते लिहिलेले आहे.