आठ संघ, एक फाइल: काल्पनिक फुटबॉल लीगसाठी इंकस्केप वापरल्यानंतरचा अनुभव

एका संघाचे बोधचिन्ह काढणे आणि संपूर्ण लीगची बोधचिन्हे व गणवेश काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामात चिन्ह चांगले दिसते की नाही एवढेच पाहायचे असते. दुसऱ्या कामात एका संघाला दिलेला रंग बाकीच्या सात संघांना अडतो, एकाचे वर्तुळाकार चिन्ह दुसऱ्याच्या वर्तुळासारखे वाटू लागते, आणि घरच्या मैदानावर उठून दिसणारी जर्सी विशिष्ट प्रतिस्पर्ध्यासमोर निरुपयोगी ठरते. महाराष्ट्रातल्या आठ ठिकाणांच्या नावांनी कल्पिलेल्या एका फुटबॉल लीगसाठी गेले अनेक महिने मी इंकस्केप हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर वापरत आहे. आठही संघ एकाच वेळी डोळ्यांसमोर आणि हाताशी ठेवायला ते किती उपयोगी पडते, याच कसोटीवर मी ते तपासले आहे.

इंकस्केप २००३ मध्ये सोडिपोडी या आधीच्या प्रकल्पातून वेगळे झाले. ते मुक्त स्रोत आणि विनामूल्य आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि एसव्हीजी हे त्याचे मूळ फाइल स्वरूप आहे. चित्र ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकार यांच्या रूपात साठवले जात असल्यामुळे छातीवरचे लहानसे चिन्ह आणि मैदानाच्या कडेचा मोठा फ्लेक्स एकाच फाइलमधून निघतो. बोधचिन्हाच्या कामाला हे लागतेच, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही.

फुटबॉल निवडण्याचे कारण कोल्हापूर आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे संघ उतरतात, तेव्हा संघाचे नाव हीच त्याची ओळख असते आणि त्या नावामागे एक पेठ, एक तालीम, माणसांचा एक समुदाय उभा असतो. काल्पनिक लीग रचणारे पुष्कळ जण गावाच्या नावापुढे एखादा वाघ, सिंह किंवा योद्धा जोडतात. अशा नावांतून गणवेश काही केल्या सुचत नाही, कारण त्या गावाचे असे त्यांत काहीच नसते. म्हणून मी प्रत्येक ठिकाणाची एक खरी, डोळ्यांना दिसणारी गोष्ट घेतली आणि रंग तिच्याकडूनच यावेत असा नियम ठेवला.

या नियमाचा सर्वांत जास्त फायदा प्राणी-पक्ष्यांच्या बाबतीत झाला. मेळघाटच्या संघाला मी हरियाल दिला. महाराष्ट्राच्या या राज्यपक्ष्याचा रंग हिरवट पिवळा असतो, डोके राखाडी असते, खांद्याजवळ फिकट जांभळा डाग असतो आणि पाय पिवळेजर्द असतात. गणवेश जणू आधीच शिवून तयार होता: अंग हिरवट पिवळे, कॉलर राखाडी, खांद्यावर जांभळा तुकडा आणि मोजे पिवळे. भीमाशंकरच्या संघाला अर्थातच शेकरू मिळाले. त्याच्या पाठीचा तांबूस तपकिरी रंग जर्सीचा झाला, पोटाचा मलईसारखा रंग दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत गेला, आणि लांब झुपकेदार शेपटीचा वळसा हीच बोधचिन्हाची बाह्यरेषा झाली. आंबोलीच्या संघासाठी राणी पाकोळी घेतली. २०१५ मध्ये महाराष्ट्राने तिला राज्यफुलपाखरू म्हणून घोषित केले आणि असे फुलपाखरू निवडणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. तिचे पुढचे पंख मखमली काळे आणि मागचे निळ्या भागावर काळे ठिपके असलेले असतात, त्यामुळे जर्सीचा वरचा भाग काळा आणि खालचा भाग निळा व ठिपक्यांचा झाला.

लोणारचा विषय वेगळा होता. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले तिथले विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे आणि जून २०२० मध्ये त्यातले पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. बेसाल्टचा काळपट राखाडी आणि त्यात एकच गुलाबी वर्तुळ, एवढ्यावर लोणारचे बोधचिन्ह पूर्ण होते. आठांपैकी सर्वांत साधे तेच आहे आणि माझ्या मते सर्वांत चांगलेही तेच आहे.

फळांनी मात्र पेच निर्माण केला. नागपूरचे संत्रे, जळगावचे केळे आणि रत्नागिरीचा हापूस या तिघांचेही रंग पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात येतात. प्रत्येक चिन्ह एकेकटे पाहिले तर सुरेख दिसते, पण आठ जर्सी एका ओळीत मांडल्या की तिघांची गर्दी होते. शेवटी नागपूरला नारिंगी आणि पांढरा, जळगावला पिवळा आणि काळ्या मातीचा काळा दिला. रत्नागिरीचा आंबा काढून टाकला आणि रत्नदुर्गाच्या दीपगृहावरून गडद निळ्यावर पांढरे पट्टे घेतले. आंबा सोडणे जिवावर आले होते, परंतु लीगच्या हिशेबात तो निर्णय योग्यच आहे.

अशा फेरबदलांच्या वेळी इंकस्केपची खरी किंमत कळते. जर्सीचे अंग, बाह्या, कॉलर, शॉर्ट्स आणि मोजे यांचे मूळ आकार मी एकदाच काढले आणि आठही संघांसाठी त्यांचे क्लोन वापरले. क्लोन ही मूळ आकाराशी बांधलेली प्रत असते, त्यामुळे मूळ बाही थोडी आखूड केली की आठही बाह्या आखूड होतात. एक गोष्ट नवख्या माणसाला सहज सापडत नाही: क्लोनला स्वतंत्र रंग हवा असेल तर मूळ आकाराचा भरणरंग ‘अनसेट’, म्हणजे न ठरवलेला, ठेवावा लागतो. ‘फिल अँड स्ट्रोक’च्या खिडकीत प्रश्नचिन्हाचे बटण आहे, ते यासाठीच. अनेक भागांचा गट करून त्या गटाचा क्लोन घेतला तर सर्व अनसेट भागांना एकच रंग लागतो, म्हणून प्रत्येक भागाचा क्लोन वेगळा घ्यावा. क्लोनच्या बाह्यरेषेत स्वतंत्र बदल करता येत नाही, त्यासाठी त्याचे मूळाशी असलेले नाते तोडावे लागते. एखाद्याच संघाला निराळ्या गळ्याची जर्सी द्यायची असेल तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

रंगांसाठी स्वॉच, म्हणजे नाव देऊन जपून ठेवलेले रंग, वापरावेत. ‘मेळघाट हिरवा’, ‘लोणार गुलाबी’ अशी नावे देऊन स्वॉच केले, की रंगाची छटा एका ठिकाणी बदलल्यावर बोधचिन्ह, जर्सी, मोजे आणि संघाचा ध्वज सगळीकडे ती बदलते. १.२ या आवृत्तीपासून एकाच फाइलमध्ये अनेक पाने ठेवता येतात, त्यामुळे प्रत्येक संघाला एक पान आणि सर्वांत पुढे आठही जर्सींचे एकत्रित पान अशी मांडणी मला फार सोयीची वाटली. त्या पहिल्या पानावर न पाहता घेतलेला रंगाचा कोणताही निर्णय मी आता अंतिम मानत नाही.

सोलापूरच्या संघासाठी सोलापुरी चादरीची नक्षी घेतली आणि तिथे ‘टाइल्ड क्लोन्स’ ही सोय वापरली. एक छोटा आकार काढायचा, आणि सपाट पृष्ठभागावर पुनरावृत्तीच्या ज्या सतरा प्रकारच्या सममिती शक्य आहेत त्यांपैकी हवी ती निवडायची. आरशातले प्रतिबिंब, फिरवणे, सरकवणे हे सारे सॉफ्टवेअर करते. नंतर ती नक्षी जर्सीच्या आकारात क्लिप करायची, म्हणजे आकाराबाहेरचा भाग झाकायचा. चादरीच्या दोन बाजूंना रंगांची अदलाबदल दिसते, त्यावरून सोलापूरचा बाहेरगावचा गणवेश ठरला: नक्षी तीच, फक्त पार्श्वभूमीचा आणि नक्षीचा रंग उलट. काल्पनिक संघाच्या दुसऱ्या जर्सीला इतके नेमके कारण क्वचितच मिळते.

देवनागरी अक्षरांविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण मराठी वापरकर्त्याचे समाधान बहुधा त्यांच्यावरच अवलंबून असते. युनिकोड फॉन्ट असेल तर जोडाक्षरे, रफार, वेलांट्या सर्व नीट उमटतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बलू आणि मोदक, तसेच इंडियन टाइप फाउंड्रीचे टेको, खंड आणि राजधानी हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. जर्सीवरच्या नावांसाठी टेको मला विशेष आवडला. तो अरुंद, उंच आणि चौकोनी वळणाचा असल्यामुळे ‘भीमाशंकर’सारखे लांब नावही छातीच्या रुंदीत मावते.

अडचण येते ती वर्तुळाकार चिन्हाच्या कडेने नाव लिहिताना. इंकस्केपमध्ये अक्षरे एखाद्या वक्ररेषेवर बसवता येतात, परंतु त्या रीतीत प्रत्येक अक्षर आपापल्या जागी फिरते, वाकत नाही. रोमन लिपीत हे खपून जाते. देवनागरीत मात्र शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि लहान वर्तुळावर त्या तुकड्यांमधल्या फटी लगेच दिसतात. यावर मला उपयोगी पडलेली पद्धत अशी आहे: नाव आधी सरळ रेषेत लिहावे, त्याचे पाथमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांत, रूपांतर करावे, ‘युनियन’ देऊन सर्व अक्षरे एकसंध करावीत आणि मग पाथ इफेक्टमधल्या ‘बेंड’ने ते सबंध नाव वाकवावे. शिरोरेषा अखंड राहते आणि चिन्हाची कडा होऊन जाते. अर्धवर्तुळापेक्षा जास्त वाकवले तर अक्षरांची बुडे आवळली जातात, त्यामुळे नाव वरच्या कमानीतच ठेवावे. वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर, उकार खाली जातो, हे लक्षात घेऊन कड्याची रुंदी रोमन अक्षरांसाठी ठेवली असती त्यापेक्षा बरीच अधिक ठेवावी लागते.

पाठीवरचे आकडे मी देवनागरीच ठेवले. दुरून १ आणि ९ यांत गल्लत होऊ नये म्हणून आकडे फॉन्टमधून न घेता जाड रेषेने स्वतः काढले, ९ चा वळसा पूर्ण बंद केला आणि १ चा मोकळा ठेवला. शेवटी ‘स्ट्रोक टू पाथ’ दिले की रेषेचे भरीव आकारात रूपांतर होते.

फुटबॉलच्या चौथ्या नियमानुसार दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे दिसले पाहिजेत, आणि गोलरक्षकही इतरांपासून ओळखू आला पाहिजे. म्हणजे एका सामन्यात मैदानावर साधारण पाच वेगळे रंग लागतात. हे तपासण्यासाठी इंकस्केपमध्ये तीन सोयी आहेत आणि तिन्ही मी नेमाने वापरतो. ‘आयकॉन प्रीव्ह्यू’मध्ये चिन्ह अगदी लहान आकारात कसे दिसते ते समजते, शेकरूच्या मिशा मी तिथे पाहूनच काढून टाकल्या. करड्या छटांच्या दृश्यात लोणारचा गुलाबी आणि नागपूरचा नारिंगी जवळजवळ सारखेच निघाले. तिसरी सोय रंगांधळेपणाचे फिल्टर ही आहे आणि तिला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. लाल-हिरवा भेद नीट न दिसणाऱ्या पुरुषांची संख्या लहान नाही. २०१८ च्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात लाल जर्सीतला रशिया आणि हिरव्या जर्सीतला सौदी अरेबिया समोरासमोर आले, तेव्हा अनेक प्रेक्षकांनी संघ ओळखता येत नसल्याची तक्रार केली होती. माझ्या लीगमध्ये हाच प्रश्न नागपूरचा नारिंगी आणि मेळघाटचा हिरवट पिवळा यांच्यात निघाला. म्हणून त्या सामन्यासाठी नागपूरची दुसरी, पांढरी जर्सी सक्तीची केली आहे.

छपाई हा इंकस्केपचा सर्वांत कच्चा भाग आहे. या सॉफ्टवेअरचे सारे काम आरजीबी रंगांत, म्हणजे पडद्यावरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणात, चालते. रंग निवडताना सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार शायांचे, आकडे दिसतात, पण फाइल बाहेर पडते ती आरजीबीतच. पॉलिस्टरच्या जर्सीवर सब्लिमेशन पद्धतीने छपाई करताना शाई सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला वायुरूप होऊन धाग्यात शिरते, आणि पडद्यावरचा झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापडावर तसा येत नाही. त्यामुळे स्वॉच अंतिम करण्यापूर्वी रंगांच्या चौकोनांची एक पट्टी त्याच कापडावर छापून घ्यावी आणि उजेडात पाहून मग रंग ठरवावा. रंगपृथक्करण, म्हणजे प्रत्येक शाईचा भाग वेगळा करणे, आवश्यक असेल तर फाइल स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन पीडीएफ काढता येते, पण हा वेगळा टप्पा शिकावा लागतो.

आपल्याकडच्या बहुतेक छपाईच्या दुकानांत कोरलड्रॉ वापरले जाते. इंकस्केप त्याची सीडीआर फाइल उघडू शकते, लिहू मात्र शकत नाही, म्हणून दुकानात पीडीएफ द्यावी. देण्यापूर्वी सर्व अक्षरांचे पाथ करणे अत्यावश्यक आहे, कारण अनेक ठिकाणी अजून जुने बिगर-युनिकोड मराठी फॉन्ट चालतात आणि जिवंत मजकूर तिथे पोहोचला तर जोडाक्षरे मोडण्याची भीती असते. कापडाच्या चुण्या दाखवण्यासाठी ‘ब्लर’ वापरला असेल तर पीडीएफ काढताना त्या भागाचे ठिपक्यांत रूपांतर होते आणि मोठ्या फाइलमध्ये कामाचा वेगही मंदावतो. चुण्यांचा थर म्हणूनच वेगळा ठेवावा आणि छपाईच्या वेळी लपवावा. जर्सी अंगावर चढवल्यासारखी त्रिमित दाखवण्याची सोय यात नाही. ज्याला ती हवी त्याने ब्लेंडर या त्रिमित चित्रांच्या सॉफ्टवेअरकडे वळावे.

शर्ट-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्या, रोज निरनिराळ्या गिऱ्हाइकांच्या फाइली हाताळणाऱ्या माणसाला मी इंकस्केप सुचवणार नाही. ज्याला एक लीग मनापासून, सावकाश आणि तपशिलात घडवायची आहे, त्याला मात्र निःशंकपणे सुचवेन. सुरुवात करताना आठ बोधचिन्हांकडे जाऊ नये. आधी एक जर्सी, तिचे अनसेट भाग आणि आठ संघांचे नावानिशी स्वॉच तयार करावेत. मूळ फाइल इंकस्केपच्याच एसव्हीजी स्वरूपात जपावी आणि पाथ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, कारण एकदा पाथ झालेले नाव पुन्हा मजकूर म्हणून दुरुस्त करता येत नाही.