दुपारी अडीचची पेंग: कट चहा, शतपावली की वामकुक्षी?

मी इंदूरला आरएनटी मार्गावर एका सीएच्या ऑफिसात बसतो. 20 तारीख जवळ आली की आमच्याकडे जीएसटीच्या रिटर्नची नुसती घाई, आणि काही महिन्यांपूर्वी नेमकं अडीच वाजता डोळे मिटायला लागले आणि 58,000 चे 85,000 टाईप झाले, फाईल करायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो. तेव्हापासून तीन उपाय आलटून पालटून करून बघतोय. तुम्हीही यातच अडकला असाल तर वाचा.

आधी एक गैरसमज. सगळे डब्याला शिव्या घालतात, पण शरीराच्या घड्याळाचाच दुपारी एक ते चारच्या मधे कुठेतरी उतार असतो, उपाशी माणसालाही तो येतो. जेवण जड असलं की तो आणखी खोल जातो इतकंच. म्हणजे डाळ-बाफला खाल्लात, तेही तुपात बुडवलेले चार बाफले, तर पुढचं काही वाचूच नका, त्या दिवशी सरळ हाफ डे टाका.

आता चहा. टपरीवरचा कट चहा सगळ्यात सोपा, दोन मिनिटांत काम होतं, गप्पाही होतात. पण गोची अशी की कॅफीन लगेच चढत नाही, 20-30 मिनिटं जातात, आणि ते झोप घालवत नाही, मेंदूत दिवसभर साठणाऱ्या अडेनोसिन नावाच्या द्रव्याची जागा अडवून बसतं, म्हणजे थकवा तिथेच असतो, फक्त आपल्याला कळत नाही. त्यातून आपल्या चहात साखर इतकी की चमचा उभा राहील. कॉफीत कॅफीन चहाच्या साधारण दुप्पट, त्यामुळे जोर जास्त, पण घेतलेल्यातलं निम्मं पाचेक तासांनंतरही अंगात असतं. साडेचारला मग भरून कॉफी प्यायलात तर साडेनऊला अर्धी कॉफी पोटात घेऊन सराफ्याच्या खाऊगल्लीत फिरताय असं समजा, मग रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी पेंग डबल. मी तीननंतर बंद केलंय.

शतपावली आमच्या आजीची. ताट उचललं की "चला, उठा, शंभर पावलं" आणि अंगणात फेऱ्या. तेव्हा कटकट वाटायची, पण जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर एकदम वर उसळत नाही आणि बाहेरच्या उजेडानं डोळेही उघडतात, शिवाय रात्रीच्या झोपेला धक्का नाही, खर्च शून्य. अडचण एकच, मे महिना. 42 डिग्रीत आरएनटीवर चालणार कोण? मी बिल्डिंगचे जिने चढतो-उतरतो, वॉचमन विचारतो, साहेब काही हरवलं का.

आणि वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. तिघांत असर हिचाच सगळ्यात जबरदस्त, यात मला शंका नाही. नासाच्या 1994 च्या अहवालात लांबच्या फ्लाईटवरच्या वैमानिकांना 40 मिनिटं आराम करू दिला होता, ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले. पण पाऊण तास झोपलात की झोप खोल जाते आणि उठल्यावर माणूस बावळटासारखा बघत बसतो, म्हणून 20 मिनिटांचा अलार्म पाहिजेच. आणि ऑफिसात झोपायचं कुठे? मी टेबलावर हातावर डोकं ठेवून झोपलो तर गालावर घड्याळाच्या पट्ट्याचा ठसा उठला, तोच घेऊन क्लायंटसमोर बसलो, तो माझ्याशी कमी आणि ठशाशी जास्त बोलत होता.

मग घ्यायचं काय? ऑफिसात रिकामी खोली किंवा खाली सावलीत लावलेली गाडी असेल तर वामकुक्षी, आणि झोपायच्या लगेच आधी कॉफी मारा, कारण ती चढेपर्यंत तुम्ही उठलेले असता (इंग्लंडात ड्रायव्हर लोकांवर हे करून पाहिलंय, दोन्हींची जोडी चांगली चालली). जागा नसेल, किंवा रात्री आधीच झोप नीट येत नसेल, तर शतपावली, डोळे झाकून. नुसता चहा मी तिसऱ्या नंबरवर ठेवीन, जरी रोज पितो तोच.

रात्रीच पाच तास झोपत असाल तर तिन्ही फेल.

माझं सध्या असं चाललंय: आकडे सकाळी पोहे खाऊन आलो की बाराच्या आत संपवायचे, अडीचला फक्त बिलं लावायची आणि फोन करायचे. 85,000 वाला तो क्लायंट मात्र अजून दर महिन्याला विचारतो, यावेळी नीट बघितलंत ना?