डार्कथ्रोनची 'द अंडरग्राउंड रेझिस्टन्स', एलपी: पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत वाजवून

रेकॉर्ड अडकते म्हणून फोन केला, तर विक्रेता काय म्हणाला? "भाऊ, ब्लॅक मेटल आहे, असंच वाजणार." अठ्ठावीसशे रुपये मोजून, वर कुरिअरचे वेगळे देऊन, हे ऐकायचं.

डार्कथ्रोन हा नॉर्वेच्या दोघांचा बँड; हेच त्याने त्यांच्या १९९४च्या 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'बद्दल सांगितलं असतं तर मुकाट्याने फोन ठेवला असता. ती चार ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवर केलेली; ब्लॅक मेटल म्हणजे मेटलचा मुद्दाम कच्चा ठेवलेला, काळोखा प्रकार, खरखर हाच तिचा बाज. पण हा २०१३चा अल्बम आहे! २००६मध्ये 'द कल्ट इज अलाइव्ह'पासून हे दोघं पंक रॉककडे वळले आणि इथे येईपर्यंत सरळ ऐंशीच्या दशकातल्या हेवी मेटलमध्ये पोचले. गिटार स्वच्छ, रिफ, म्हणजे तिचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, गुणगुणता येतात. खरखर आली तर ती रेकॉर्डचीच, बँडची नव्हे. हे त्याला समजावता समजावता माझा रिचार्ज संपायला आला.

अडकते कुठे, तर शेवटच्या गाण्यात. दोघांपैकी ड्रम वाजवणारा आणि गाणारा फेनरिझ वरच्या पट्टीत किंचाळतो आणि सुई तिथेच फेर धरते. दांडिया बाजारातलं आमचं घर, भिंतीला भिंत लागून. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "अरे, त्याला काही लागलं का?" शेजारच्या मामी गॅलरीत आल्या त्या वेगळ्याच.

हे गाणं जवळजवळ चौदा मिनिटांचं. एकूण सहा गाणी, म्हणजे अल्बमचा तिसरा हिस्सा एकट्या त्याचा. आणि ते ठेवलंय रेकॉर्डच्या अगदी आतल्या बाजूला! फेऱ्या मिनिटाला तेवढ्याच, पण आतला घेर लहान, त्यामुळे तेवढ्याच वेळातला आवाज कमी खाचेत कोंबावा लागतो. पहिला मार बसतो तो वरच्या सुरांना, आणि फेनरिझ राहतो तिथेच. दुसरी बाजू याच गाण्याने सुरू केली असती तर काय बिघडलं असतं?

सुरुवातीला मला त्याचा तो उंच आवाज सोसवेना. उंच किंचाळीसाठी प्रसिद्ध मेटल गायक किंग डायमंडची आठवण करून देतो, पण तेवढा सफाईदार नाही. मी दुसऱ्याची, गिटार वाजवणाऱ्या नॉक्टर्नो कुल्टोची गाणीच लावायचो. गाणी दोघांनी आलटून पालटून घेतलीत, त्यामुळे निवडून ऐकणं सोपं. गणपती होईतो उलटं झालं. कुल्टोची गाणी ठाकठीक, सेल्टिक फ्रॉस्ट या जुन्या मेटल बँडच्या वळणाची, पण एकदा कळली की कळली. फेनरिझ मात्र सूर निसटला तरी मागे हटत नाही, आणि आता भाजी आणायला निघालो की तोंडात त्याचंच काहीतरी असतं. सगळं गोड झालंय म्हणून कुरकुरणाऱ्या जुन्या भक्तांचं मला काही पटलं नाही. काळोख आहे की, फक्त आता त्याला ठेका आहे.

विक्रेत्याने शेवटी दहा टक्क्यांचं कूपन देऊ केलं, पुढच्या खरेदीवर! परत पाठवायचा खर्च माझा. मी सुईच्या दांडीवर पाच रुपयांचं नाणं चिकटवलं, आता पुढे सरकते. सुई लवकर झिजेल, ते निस्तरू.

घेणार असाल तर सीडी घ्या. शेवटचं गाणं धड ऐकू येईल आणि पैसेही वाचतील.