क्रेटासाठी घेतलेले लॉकनटचे दोन संच: एक काढून टाकला, एक ठेवला

पुण्याजवळ मोशीला आमच्या सोसायटीत आतली पार्किंग ज्यांच्या वाट्याला आली नाही, ते कंपाउंडच्या भिंतीला लागून रस्त्यावर गाड्या लावतात. त्यात मी आहे आणि खालच्या मजल्यावरचे मास्तरही आहेत. फेब्रुवारीतल्या एका सकाळी दूध आणायला उतरलो तर मास्तरांची गाडी गट्टूंवर उभी. फुटपाथच्या कामासाठी आणून टाकलेले सिमेंटचे गट्टू चोरांनी नीट रचले होते आणि चारही चाकं अलॉयसकट (टायर ज्यावर बसतो ती मिश्रधातूची रिम) काढून नेली होती. नट तेवढे मातीत पडलेले. गाडी घेऊन मास्तरांना तीन महिने झाले होते.

फिर्याद नोंदवायला मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो, विम्याच्या कागदांनाही बसलो. त्यांच्या पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारी जोड) नव्हतं, त्यामुळे टायरचे पैसे ५० टक्के कापून मिळाले. अलॉय धातूचा भाग, गाडी सहा महिन्यांच्या आतली, म्हणून त्यावर घसारा लागला नाही. वर १,००० रुपयांची सक्तीची वजावट आणि पुढच्या वर्षी मिळणारा २० टक्के नो क्लेम बोनस गेला. गाडी दोन आठवडे जागेवरून हलली नाही. मास्तरांच्या सूनबाईंना सातवा महिना होता, तिची दवाखान्याची ये-जा रिक्षाने झाली. त्याचा हिशेब कुठल्या फॉर्मवर होत नाही.

माझी क्रेटा तेव्हा पाच आठवड्यांची होती. भोसरीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढल्यावर घेतलेली पहिली नवी गाडी. १७ इंची अलॉय, प्रत्येक चाकाला पाच नट, आणि ते पाचही नट २१ नंबरच्या कुठल्याही पान्याने सुटतात. त्याच रात्री मुलाने मोबाईलवरून लॉकनटचा एक संच मागवला. चार नट, एक चावी, ९५० रुपये. चकचकीत क्रोम. नट आला तेव्हा मी पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावला, १.५ मिलीमीटरचा निघाला. स्टडवर, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आटेवाल्या दांड्यावर, बोटांनी सरळ चढला. माप बरोबर आहे म्हणून मी समाधान मानलं. धातू काय आहे हे पाहिलं नाही, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाने ती चूक करायला नको होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाकाच्या लॉकनटला षटकोनी डोकं नसतं. डोकं गोल असतं आणि त्यात एक नक्षी कोरलेली असते. त्या नक्षीत बसणारी चावी लावायची आणि चावीवर नेहमीचा पाना. प्रत्येक चाकाला एकच लॉकनट लागतो, बाकीचे चार साधेच राहतात. दुकानात ‘व्हील लॉक’ म्हटलं की बरेचदा स्टिअरिंगला अडकवायचा दांडा किंवा चाकाला लावायचा पिवळा जॅमर पुढे करतात. दांडा गाडी नेऊ देत नाही, चाकांचं त्याला काही नाही. जॅमर एका चाकाला बसतो, उरलेली तीन मोकळीच.

एप्रिलमध्ये गावच्या जत्रेला वाईकडे निघालो. शिरवळ सोडलं आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. संध्याकाळचे साडेसात, गाडीत बायको, मुलगा आणि माझी पंच्याऐंशी वर्षांची आई. चार नट सुटले. पाचव्याला चावी लावून पान्यावर जोर दिला तर चावी आतल्या आत फिरली. बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात पाहिली, नक्षीचे दात एका बाजूला वळलेले. दुसऱ्या प्रयत्नात एक दात तुटून नटातच राहिला.

मग आठवलं. आठवड्यापूर्वी अलाइनमेंटला गाडी दिली होती. टायरच्या दुकानातल्या पोराने लॉकनटही हवेच्या गनने आवळले होते. मी समोर उभा असूनही बोललो नव्हतो. साध्या नटाला गन चालून जाते. लॉकनटच्या चावीचे दात बारीक असतात, गनचे ठोके तिला सोसत नाहीत.

शिरवळहून पंक्चरवाला मोटरसायकलवर आला तेव्हा नऊ वाजत आले होते. त्याने नट पाहिला, पिशवीतून एक जुनं सॉकेट (नटावर बसणारी पान्याची वाटी) काढलं, हातोडीने नटावर ठोकून बसवलं आणि पाना लावला. दहा मिनिटंही लागली नाहीत. “काका, हे रोजचंच आहे,” म्हणाला. आई गाडीतून उतरून दगडावर बसली होती. ती म्हणाली, “चला, सुटलं बाबा एकदाचं.” मी मात्र तो नट हातात घेऊन उभा राहिलो. माझ्याकडे चावी असून दीड तास मला जो नट सुटला नाही, तो चावी नसलेल्या माणसाने दहा मिनिटांत काढला होता. चोराच्या पिशवीतही जुनं सॉकेट असणारच.

परत आल्यावर उरलेले तीन नट मीही तसेच सॉकेट ठोकून काढले. हात बसल्यावर तिसऱ्याला चार मिनिटं लागली. मग वाईसमध्ये धरून कानस लावली. क्रोमचा पापुद्रा निघाला आणि खाली कानस लोण्यात गेल्यासारखी चालली. नीट कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते, चावत नाही. तो संच भंगारात टाकला.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. रविवार सोडून मधल्या वारी सुट्टी टाकली आणि पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. खिशात व्हर्नियर, पिच गेज आणि गाडीचा एक मूळ नट. पहिल्या दुकानात मिळालेला संच मूळ नटाशेजारी धरला तर आटे बारीक दिसले, गेज १.२५ ला बसला. तो मारुतीच्या गाड्यांचा. स्टड दोन्हींचे १२ मिलीमीटरचेच, त्यामुळे वरवर पाहून फरक कळत नाही. असा नट स्टडवर एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. पान्याने रेटला तर स्टडचे आटे गेलेच, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो हब उघडायची वेळ. स्कोडा आणि फोक्सवॅगनवाल्यांचं अजून वेगळं. त्यांच्याकडे स्टड आणि नट नसतात, १४ मिलीमीटरचे बोल्ट असतात. तिथे आमचा कुठलाच संच उपयोगाचा नाही.

पिचइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे नट चाकावर टेकतो ती बैठक. क्रेटाचा नट ६० अंशांच्या शंकूवर बसतो. होंडाच्या मूळ चाकांना गोलाकार बैठक असते. शंकूचा नट गोल बैठकीत घातला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो. आवळल्यावर घट्ट वाटतो, चालत्या गाडीत ढिला होतो. चोरी टाळायला घेतलेल्या वस्तूमुळे चाकच निसटलं तर काय उपयोग? दुकानदाराला बैठकीचं विचारलं तर तो “सगळ्याला बसतं” म्हणाला. असं म्हणणाऱ्याकडून हा माल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या दुकानात मॅकगार्डचा संच दिसला. अमेरिकन कंपनी आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑर्चर्ड पार्कची, आणि याच कामासाठी ओळखली जाते. चार नट, एक चावी, १२ बाय १.५, शंकूची बैठक. मला ५,४०० रुपयांना पडला. घरी बायको म्हणाली, “अहो, चार नटांना पाच हजार?” एका अलॉयचा भाव सांगितल्यावर तिने पुढे विचारलं नाही. या नटावरची नक्षी म्हणजे एक अरुंद, वळणावळणाची खाच आहे. अवजार आत घालायला जागाच नाही. चावीला कडा आहे, ती नटाच्या डोक्याभोवती बसून चावी सरळ धरते, त्यामुळे जोर तिरका जात नाही. कानस लावून पाहिली, घसरली. नवीन नटावर कानस लावताना जिवावर आलं, पण एका कोपऱ्यात लावली. आता खात्री आहे.

बसवण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. नट पुढून बंद असतो, म्हणून स्टडचं टोक आत आपटत नाही ना, हे तपासावं लागतं. टोक टेकलं तर नट आवळल्यासारखा लागतो आणि चाक मात्र ढिलंच असतं. दुसरं, फेरे मोजले. १२ मिलीमीटरच्या स्टडला १.५ पिचचे निदान आठ फेरे हवेत, म्हणजे स्टडच्या जाडीइतकी पकड मिळते. माझ्याकडे त्याहून जास्त मिळाले. आटे तारेच्या ब्रशने पुसले. तेल-ग्रीस लावलं नाही, लावायचंही नसतं, कारण तेलकट आट्यांवर टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) त्याच आकड्याला जास्त ताण देऊन जातो. मॅन्युअलमध्ये ११ ते १३ किलोग्रॅम-मीटर दिलं आहे. मी टॉर्क पाना १२ ला लावला आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा सगळे नट तपासले. स्टेपनीही लावून पाहिली, कारण ती १६ इंची लोखंडी आहे आणि तिच्यावरही हाच नट बसायला हवा. बसला.

आता सहा महिने झाले. दोन पावसाळी फेऱ्या कोकणात झाल्या, नटांवर गंज नाही. चावी चार वेळा वापरली, दात जसेच्या तसे आहेत. टायरच्या दुकानात गाडी घालण्याआधी मी लॉकनट स्वतः हाताने सुटे करून देतो आणि काम झाल्यावर स्वतःच आवळतो. पोरं कंटाळतात, पण मी तिथून हलत नाही.

उणीव आहे ती सांगतो. याच कंपनीचा बाहेरून फिरत्या कड्याचा प्रकारही असतो. त्यावर सॉकेट ठोकलं तरी कडं नुसतं फिरतं. माझ्या संचात ते कडं नाही. खास काढायचं हत्यार आणि निवांत वेळ असलेल्या चोराला हा नटही कायमचा अडवणार नाही. चारही चाकांवर प्रत्येकी एकाशी झटापट करावी लागली तर तो बहुधा पुढच्या गाडीकडे वळेल, एवढ्यासाठी मी पैसे मोजले. रस्त्याकडेला रोज रात्री गाडी लावणाऱ्याने कड्याचा प्रकार मिळाला तर तोच घ्यावा. मला त्या दिवशी नाना पेठेत मिळाला नाही.

पाकिटात एक कार्ड येतं, त्यावर चावीचा कोड असतो. चावी हरवली तर त्या कोडवरून दुसरी मागवता येते, कार्ड नसेल तर अवघड. कार्ड मी घरी गाडीच्या कागदांबरोबर ठेवलंय आणि त्याचा फोटो मुलाच्या व बायकोच्या मोबाईलमध्ये आहे. चावी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवत नाही. चोर काच फोडून आधी तिथेच हात घालतो. ती कुठे ठेवलीय हे घरातल्या तिघांना ठाऊक आहे, आणि रात्री अंधारात ती शोधून काढायचा सराव मी तिघांकडून एकदा करून घेतलाय.

मास्तरांनी नवीन अलॉय घातले आणि परवा माझा संच पाहायला आले. आपल्यालाही हाच आणा म्हणाले. त्यांची गाडी मारुतीची, म्हणून आधी त्यांच्याकडून एक नट काढून घेतला आणि गेज लावला. १.२५. येत्या बुधवारी दोघं मिळून नाना पेठेत जाणार आहोत. फिरत्या कड्याचा संच आहे का, हे दुकानदाराला आजच फोन करून विचारून ठेवलंय.